करवलीचं तोंड

"खाली ठेव तो करा."

अक्का एवढंच म्हणाली. माझ्या बायकोची थोरली बहीण, नवरदेवाची आई. भूमच्या मंगल कार्यालयात, मंगलाष्टका सुरू व्हायच्या आत तिनं माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या हातातला करा काढून घेतला. शेजारच्या पोरीला दिला. नवऱ्याला सख्खी बहीण नाही, म्हणून करवलीचा मान मावसबहिणीचा. अक्कानंच ठरवलेला. लेकीचं तोंड नितळ होतं तेव्हा.

"दाजी, असलं खरजुलं तोंड म्होरं उभं करता व्हय? फोटो जलमभर राहतेत."

मी हसलो. माझी खोडच ती. कुणी थोबाडीत मारली तर मी आधी त्याचा हात दुखला का विचारीन. "बरूबर हाय, अक्का," म्हणालो. "आमी मागं थांबतो."

लेकीला खरूज नाही. डोळ्यामागच्या नसेवर गाठ आहे. नजर जाऊ नये म्हणून सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी चालू केली, नेमकी गाठीवर काम करणारी. मला वाटलं, नेमकी म्हणजे बाकी अंगाला पत्ताही लागणार नाही. तर तोंडभर पुरळ, नखांच्या कडा सुजलेल्या, काळेभोर केस भुरे.

बाईंनी समजावलं, "गाठ ज्या खटक्यावर वाढते, तो ही गोळी बंद करते. कातडीतही तोच खटका असतो. हे लागट नाही. मनानं गोळी थांबवू नका." मलम दिलं. ऊन आणि वासाची पावडर लांब ठेवा म्हणाल्या.

आणि मी शहाण्यानं काय करावं? मी रंगारी. भिंतीला भेगा असल्या की रंगाआधी लांबी भरायची, एवढंच शास्त्र मला ठाऊक. लग्नाच्या सकाळी लेकीला पुढ्यात बसवलं आणि पावडर थापली. वर बायकोला म्हणालो, "बघ, नव्या बंगल्यावानी दिसतीया." कार्यालयात घामानं लांबी फुटली. पांढऱ्या भेगांतून लाल फोड. एवढं वाटोळं मी कुणाच्या भिंतीचं केलं नव्हतं.

अक्षता पडल्या. पंगतीला बसलो. साडू आले, नवरदेवाचे वडील. भूममध्ये त्यांचं ट्रॅक्टरचं दुकान, शब्द खाली पडत नाही.

"पोरीला तिकडं कोपऱ्यात बसवा. कागदाचं ताट देतो. हितं लोकं जेवतेत."

मी पुन्हा हसलो. उठायलाही लागलो. लेकीनं माझी बाही धरली.

"बाबा, तुमी कशाला हसताव?"

मग ती हळूच म्हणाली, "गोळी नको मला. दिसलं न्हाय तरी चालंल. तोंड नीट होऊ द्या."

नऊ वर्षांची पोर. डोळे द्यायला निघाली होती. अक्काच्या फोटोसाठी. आणि तोंड झाकायचं असतं हे तिला शिकवलं कुणी? अक्कानं नाही. सकाळी पावडरचा डबा घेऊन बसलेल्या बापानं.

तिला नळावर नेलं. साध्या पाण्यानं तोंड धुतलं. झोंबत होतं, ती ओठ दाबून उभी. रुमालानं नुसतं टिपलं, आणि हात धरून पंगतीत परत आलो.

"पावणं, तमाशा करू नका," साडू म्हणाले.

"तमाशा मघाच झाला. हे औषधानं आलंय, कुणाला लागत न्हाय. माझी पोर हितंच बसंल. सगळ्यांवानी ताटात जेवंल."

शेजारच्या दोघी पदर सावरत उठून गेल्या. ताट आलं. लेक जेवली नाही. भात बोटानं फिरवत राहिली. ती उठेपर्यंत मी हललो नाही.

संध्याकाळी गोळीसमोर तिनं दात आवळले. बायको रडली. शेवटी लेकीनं गोळी गिळली, माझ्याकडं न बघता. आजही गिळते ती तशीच, भिंतीकडं तोंड करून.

आता आवतण आलं की मी दारातच सांगतो. लेक येईल ती उघड्या तोंडानं, पहिल्या रांगेत. न्हाय तर आमच्या घरचं कुणीच येणार न्हाय. गोळी चालू राहील. पुरळ राहील. ज्याला बघवत नाही, त्यानं आपले डोळे मिटावेत. माझ्या लेकीचे मी मिटू देणार नाही.