समय्याभाऊ आणि तीन प्राणहिता

समय्याभाऊ स्वतःच्याच डोंग्यात चढण्याआधी परवानगी मागत. काठाशी चपला काढायच्या, ताठ उभं राहून कपाळाला हात लावायचा आणि रिकाम्या डोंग्याला विचारायचं, "येऊ का?" मग जरा थांबायचं. डोंग्यात जाळं, एक वल्हं आणि कालच्या मासोळ्यांचा वास, दुसरं कोणी नाही. मी गावात रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी हे बघितलं आणि मला फस्सकन हसू आलं. ते वळले. "हसा, पोस्टबाई. पन जहाजावर न इचारता पाय टाकला असता ना, त तिथूनच वापस धाडलं असतं तुमाले."

मी गोंडपिपरीची, स्वभावाने तिरसट. सिरोंचा तालुक्यातल्या त्या नदीकाठच्या गावात पोस्ट सांभाळायला गेले तेव्हा मला तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं आणि गावाला माझा स्वभाव. समय्याभाऊंचं घर पोस्टाला लागूनच. तेच माझे दुभाषी झाले, शेजारी झाले आणि रोज भांडायला हक्काचं माणूस झाले. त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. अजून कोणाशी वाद जिंकला की सांगायला ते नाहीत, हे आठवून जीव तुटतो.

नौदलात ते आचारी होते. गावच्या लग्नात भात शिजवायला त्यांनाच बोलवत, आणि तिथे त्यांचा एक हट्ट असे. चुलीवरचं गंज, म्हणजे भाताचं मोठं पातेलं, ते चारी बाजूंनी दोरांनी खुंट्यांना बांधून टाकत. वरबाप वैतागायचा, "भाऊ, ही जमीन हाय, हलते का?" समय्याभाऊ गाठ आवळत म्हणायचे, "आजवर नाई हालली. उद्याचं तू सांगतं का मले?" वाढताना पंगतीत कोणाचा हात पाळी येण्याआधी पुढे आला तर पळी तिथंच थांबवायचे. मलाही सोडलं नाही.

ज्या जहाजावर ते होते त्याचं नाव प्राणहिता. आमच्या समोरून वाहते तीच प्राणहिता. नौदलात जहाज जुनं होऊन गेलं की त्याचं नाव नव्या जहाजाला देतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. पहिली प्राणहिता परदेशातून जुनीच विकत घेतलेली, लहानशी. ती मोडीत निघाल्यावर दुसरी आपल्याकडच्या गोदीत बांधली, आणि समय्याभाऊ तिच्यावर अगदी पहिल्या दिवसापासूनचे. पहिलीची पितळी घंटा दुसरीवर टांगली होती. आतल्या बोळात लाकडी फळा होता, त्यावर पहिलीच्या सगळ्या कप्तानांची नावं आणि त्याच रांगेत खाली दुसरीच्या. "मधात रेघ सुदा नाई मारली, पोस्टबाई," ते सांगायचे. "जहाज दोन, पन हाजरी एकच."

हे सगळं ते शंभर वेळा सांगत. मी एकदा चिडून विचारलं, "भाऊ, समुद्र कधी न बघितलेला माणूस तुम्ही, नौदलात गेलातच कशाला?" ते नदीकडे बघत म्हणाले, "मल्लय्याले पाहाले."

मल्लय्या त्यांचा मोठा भाऊ. समय्याभाऊ चौदा वर्षांचे असताना दोघे भाऊ पुराच्या पाण्यात जाळं सोडवायला गेले. डोंगा उलटला. धाकटा एका झाडाला धरून वाचला, थोरला दिसेनासा झाला. आठ दिवस शोधलं, काहीच सापडलं नाही. त्यांची आई राजक्का कोणाला रडू देईना. देह नाही तर सुतक नाही, दहावा नाही. "गेला आहे, येईल," एवढंच. आणि शाळेच्या पुस्तकात समय्याभाऊंनी वाचलं, की प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. पोरवयातला हिशेब. पण त्या हिशेबावर माणसाने पंधरा वर्षं समुद्र पाहिला.

त्या गावात मेलेल्या वडीलधाऱ्याचं नाव घरच्या नव्या लेकराला देतात. जिवंत माणसाचं कधीच देत नाहीत, दिलं तर त्याचं आयुष्य ओढलं जातं म्हणतात. समय्याभाऊंना मुलगा झाला तेव्हा सगळे म्हणाले, मल्लय्या ठेवा. राजक्का पोराच्या पाळण्यासमोर आडवी उभी राहिली. "माझा मल्लय्या आला त त्याले मी कोणत्या नावानं हाक मारू?" पोराचं नाव राजू ठेवलं. भावाचं नाव त्या घरात तसंच अडकून राहिलं. ना कोणाला देता येई, ना सोडता येई. समय्याभाऊंना ते फार लागायचं. "नाव कोनाले देल्लं नाई, त लोक इसरतात," ते म्हणत. "अम्मा अन् मी गेलो की मल्लय्या होता हे कोनाले मालूम राहीन?"

मग राजूला मुलगा झाला, आणि त्याच महिन्यात राजूने मोबाइलवर बातमी दाखवली: नवीन, तिसरी प्राणहिता तयार झाली. गाव आनंदाने त्यांच्या अंगणात गोळा झालं. समय्याभाऊ उठून घरात गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोस्टात येऊन म्हणाले, "कागद घ्या. नौदलाले लिहा. तुमची मोठी चूक होऊन राह्यली."

मला वाटलं, डोकं फिरलं. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुसरी प्राणहिता सेवेतून काढली हे त्यांना माहीत होतं, पण ती गोदीत बांधून ठेवलेली आहे, पाण्यावर आहे, अशी त्यांची पक्की समजूत. "ती तरंगून राह्यली तवरिक तिचं नाव दुसरीले कसं देता? तिनं काय पाप केलं?" मी म्हटलं, "अहो भाऊ, हे आपल्या गावचं, ते सरकारी खातं! हसतील लोक!" त्यांचा आवाज चढला, "हसू द्या! तुमी लिहा!" भांडत भांडत मी लिहिलं, जसंच्या तसं, आणि शिक्का मारताना मनातून खूप शरमले.

महिन्याभराने उत्तर आलं. मीच फोडलं, मीच वाचून दाखवलं. कोणीतरी मोठ्या मनाच्या माणसाने लिहिलेलं होतं. आपली भावना समजली. जुनी प्राणहिता तीन वर्षांपूर्वीच तोडण्यात आली. ती असेपर्यंत तिचं नाव आम्हीही दुसऱ्या जहाजाला दिलं नसतं. तिची घंटा नवीन जहाजावर लावली आहे. आणि जुनीच्या पहिल्या दिवसापासूनचे म्हणून नवीन जहाजाच्या समारंभाला आपण यावं. समय्याभाऊंनी पत्र माझ्या हातातून घेतलं. "तीन साल," ते म्हणाले. "तीन साल मी तिले जिवंत समजून राह्यलो, बाई." पोस्टाच्या बाकावर बसले ते दुपारपर्यंत. मी चहा करून दिला, तो तसाच निवला.

ते विशाखापट्टणमला जाऊन आले. परत आल्यावर अंगणात राजक्काच्या पायाशी बसून सांगत होते. मी कुंपणापाशी उभी होते. जहाज केवढं, स्वयंपाकघर किती चकचकीत, सगळं सांगून झालं. आतल्या बोळात तोच फळा होता, पहिलीच्या आणि दुसरीच्या कप्तानांच्या नावांखाली तिसरीच्या पहिल्या कप्तानाचं नाव, खाली कोरी जागा. घंटेला हात लावून आले होते. राजक्का नव्वदीची, कान शाबूत, लेकाला अजून तेलुगूत बिड्डा, म्हणजे लेकरू, म्हणायची. तिने एकच विचारलं, "मेलेलीचं नाव नवीनले देल्लं, तवा जुनीचे मानसं रडले नाई?"

"रडलो ना, अम्मा. आमी सतराजन होतो, सारे म्हातारे. प्राणहिता म्हनून पुकारलं अन् कोनी न सांगता आमी सतराही उभे राह्यलो." त्यांनी तिच्या पायावर हात ठेवला. "नवीन पोरंही उभे राह्यले. तिले कोनी इसरलं नाई, अम्मा. नाव देल्लं म्हनून इसरले नाई."

नाव ठरेना म्हणून लांबलेलं बारसं चार दिवसांवर होतं. बारशाच्या दिवशी सकाळी बायका पाळणा सजवत असताना राजक्का उठली, पणतूला उराशी धरलं आणि काठी टेकत घाटाकडे निघाली. आम्ही सगळे मागे. पाण्याच्या कडेला उभी राहून तिने नदीकडे तोंड केलं आणि हाक मारली, "मल्लय्याऽऽ!" जेवायला बोलवतात तशी, जरा रागावून. थांबली. पुन्हा मारली. पुन्हा थांबली. तिसऱ्या हाकेला आवाज फाटला. पलीकडच्या तेलंगणाच्या काठावर कोणी कपडे धूत होतं, तेवढाच आवाज येत होता. ती खूप वेळ वाट बघत होती. एकही बाई हलली नाही.

मग तिने मान हलवली. "नाई येत तो," म्हणाली, आणि पोराच्या कानाशी तोंड नेऊन तेच नाव तीनदा सांगितलं.

समय्याभाऊ तिथंच चिखलात बसले आणि डोकं गुडघ्यात घालून ओक्साबोक्शी रडले, चौदा वर्षांच्या पोरासारखे. राजक्काने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रड बिड्डा," ती म्हणाली, "आता रड."