दाभणाने शिवलेली उशी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, कारण आमच्या भुईगावातली निम्मी भुतं मीच केलेली आहेत. पांढरी चादर, केळीची बाग आणि माझा आवाज... एवढ्यावर मी तीन धडधाकट माणसांना ताप आणलाय. तेव्हा पुढचं वाचून ‘हाही याचाच चावटपणा’ असं तुम्ही म्हणालात तर माझी तक्रार नाही. माझी बायकोही तेच म्हणाली होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मोनिकाशी लग्न होऊन वर्ष झालेलं. तिला दमा होता. डॉक्टर म्हणाले, धूर आणि धूळ टाळा. मी चूल बंद करून स्टोव्ह आणला, कोंबड्यांचं खुराडं कुंपणापाशी नेलं, बागेतला पाला जाळणं सोडलं. तरी पहाटे तिची छाती वाजायचीच.

तिच्या उशीकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही. सावरीच्या कापसाची ती जुनी उशी तिच्या वारलेल्या आईची. माहेरून तिने हट्टाने आणलेली.

एका सकाळी उशी विहिरीच्या कठड्यावर, उन्हात! दाराला आतून कडी.

“झाली मस्करी?” मोनिका म्हणाली.

“मी नाही गं.”

“मग काय, उशीला पाय फुटले?”

आठवड्याभरात पुन्हा तसंच. त्या सकाळी तिची छाती वाजत नव्हती, हे मला आज आठवतं. तेव्हा आम्ही भांडत होतो.

तिसऱ्या वेळी ती भांडली नाही. उशी पोटाशी धरून बसली. “आईची दुसरी वस्तू नाही माझ्याकडे. हसायला दुसरं काहीतरी शोधा ना तुम्ही.”

मी दाभण आणि सुतळी काढली. लिलाव पुकारावा तसा मोठ्याने मोजत चौदा टाके घातले, प्रत्येकाला वेगळी गाठ मारली आणि उशी गादीला शिवून टाकली. ती हसली. “आता येऊ दे तुमच्या भुताला.”

चार दिवस उशी जागची हलली नाही. रोज सकाळी मोनिका खुशीत ती थोपटून मला दाखवायची.

चौथी रात्र सरता सरता तिला श्वासच घेता येईना. टांग्यात तिला मांडीवर घेऊन वसईला निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत तिने माझं बोट धरून ठेवलं होतं... दवाखान्याशी टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं आणि टोपी काढली.

आठवड्याने डॉक्टर घरी भेटायला आले. खाटेवर बसताना त्यांचा हात उशीवर पडला. खिडकीच्या उन्हात धूळ उठली, त्यांनाच खोकला आला.

“किती वर्षांची ही?”

“तिच्या आईची.”

“अरे, ही आधी काढायची. निदान रोज उन्हात तरी टाकायची.”

ते गेल्यावर मी टाके कापायला सुरी घेतली. भिंतीकडच्या बाजूचे आठ टाके आधीच सुटलेले होते. कापलेले नव्हते — गाठी उकलून सुतळीचे तुकडे उशीखाली नीट ठेवलेले. मी सोडले नव्हते. मोनिकाने तर नाहीच. घरात तिसरं कोणी नव्हतं.

चार रात्री, आठ टाके. कोण सोडत होतं, मला अजूनही सांगता येत नाही. सहा राहिले होते... आणखी तीन रात्री.