वजनाला बसणारा

गॅरेजमध्ये सगळे त्याला पोत्या म्हणत. हे नाव ठेवलं होतं त्याच्या थोरल्या साडूने, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने, आणि म्हणूनच ते जास्त जिव्हारी लागायचं.

थोरला साडू वेगवान गाड्या खाली बसवायचा. मूळची उंच स्प्रिंग काढून आखूड, कडक स्प्रिंग घालायची आणि तिच्या तळाची कडी पान्याने फिरवत गाडी जमिनीजवळ आणायची. भार असा खाली आला की वळणावर गाडी कलत नाही, मांजरासारखी पोट रस्त्याला लावून जाते. गिऱ्हाईक टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत बोटं घालून बघायचं आणि म्हणायचं, "मास्तर, तुमच्या हाताला जादू आहे."

पोत्याचं काम त्यानंतरचं. गाडी खाली आली की चाकं वरच्या अंगाने आत झुकतात. ती तशीच राहिली तर टायर आतून झिजतात आणि गाडी भरकटते. पोत्या ती चाकं ओळीत आणायचा, अगदी केसभर फरकही राहू द्यायचा नाही. पण ओळीत आलेल्या चाकांत बोट घालून बघता येत नाही. साडूचं काम दिसायचं, याचं नुसतं जाणवायचं, आणि त्याचंही कौतुक साडूच्याच पदरात पडायचं.

शिवाय वजनाला बसायचं ते वेगळंच. गाडी धावणार ती माणूस घेऊनच, म्हणून स्प्रिंग लावताना चालवणाऱ्याच्या जागी माणसाएवढा भार लागतो. पूर्वी तिथे वाळूची पोती ठेवत. एकदा एक पोतं फाटलं, वाळू सीटच्या शिवणीत गेली, आणि साडू म्हणाला, "घरात एवढा ऐवज असताना वाळू कशाला? बस रे आत." तेव्हापासून पोत्या कितीतरी देखण्या गाड्यांत बसला. स्टिअरिंगवर हात ठेवून तो समोरच्या भिंतीचे पोपडे बघायचा आणि खालून आवाज यायचा, "हलू नको, पोत्या." त्यातली एकही गाडी त्याने दाराबाहेर नेली नव्हती. फेरी मारायची साडूने.

दातांची डॉक्टरीण आली ती मात्र पोत्याकडे. काडीसारखी बारीक बाई, पण रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर लाल गाडी अशी पळवायची की बाप्ये मागे पडायचे. चाकं बघून घेताना तिने त्यालाच विचारलं, "गाडी खाली घ्यायचीय. तुम्ही कराल?"

पोत्याने तोंड उघडलं. हे काम त्याला येत होतं, इतकी वर्षं आत बसून कानांनी शिकला होता.

"ताई, ते माझ्याकडे," साडू मागून म्हणाला. "हा नुसता वजनाला बसतो."

ट्रॅकवरच्या मंडळींच्या गाड्याही डॉक्टरणीच्या शब्दावर येणार होत्या. हे काम पोत्याच्या हातात आलं असतं तर दारावरच्या पाटीवर दुसरं नाव चढलं असतं. त्या संध्याकाळी बायको घरी म्हणाली, "भावोजींना मोठं काम मिळालं म्हणे." पोत्या ताटावरून उठला.

स्प्रिंग लावायच्या दिवशी तो नेहमीसारखा लाल गाडीत बसला. बसताच त्याच्या लक्षात आलं, की आपण डॉक्टरणीच्या दुप्पट. आजवरची गिऱ्हाइकं अंगाने भरलेली, म्हणून चालून गेलं होतं. आता ती बसली की तिच्या बाजूने गाडी उचलून येणार. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पोत्याने ते गिळलं. पडू दे दादाला एकदा तोंडावर, मनाशी म्हणाला, आणि होतं नव्हतं ते सगळं अंग सैल सोडून सीटमध्ये रुतून बसला.

सोमवारी डॉक्टरीण परत आली. "उजव्या वळणाला छान जाते. डावीकडे वळलं की मागून सुटते. काल कठड्याला लागता लागता वाचले."

साडू गाडीखाली शिरला. पाना लावून बघितला, घाम पुसला, पुन्हा शिरला. पोत्याच्या जिवाला आधी गार वाटलं. मग त्याचं लक्ष डॉक्टरणीच्या हातांकडे गेलं. दुसऱ्यांच्या तोंडात सुई धरणारे ते हात पर्सचा बंद गच्च आवळून बसले होते. आपल्या हिशोबात ही बाई कुठेच नव्हती, हे त्याला तेव्हा कळलं.

साडू फेरी मारून आला. "काहीतरी आहे, पण सापडत नाही," तो म्हणाला. इतक्या वर्षांत न केलेली गोष्ट मग त्याने केली. किल्ली पोत्यापुढे धरली. "तू बघून ये."

पोत्या तळ्याकडच्या रस्त्याने गेला. गाडी डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आणि शिंप्याने माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखी अंगाबरोबर वळली. मनात वळण यायचं, तोवर ती वळलेली असायची. रस्ता खालून तळव्यांशी बोलत होता. तळं संपलं तरी त्याला परतावंसं वाटेना.

परत आल्यावर साडूने विचारलं, "काय निघालं?"

बाईंना चालवता येत नाही, असं म्हणता आलं असतं. गप्प राहून साडूला बुडवताही आलं असतं.

"गाडी माझ्या मापाची झालीय," पोत्या म्हणाला. "बाईंना आत बसवून परत लावावी लागेल."

"आणि हे तुला आत्ता कळलं?"

"नाही. त्याच दिवशी."

डॉक्टरणीने त्याच्याकडे नीट बघितलं. "मग बोलला का नाहीत?"

"पोती कुठे बोलतात, ताई," असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण म्हणाला एवढंच, "चुकलं माझं."

साडूने पाना पोत्याच्या हातात दिला आणि स्वतः दिवा धरून उकिडवा बसला. डॉक्टरीण शिरस्त्राण घालून सीटवर बसली. खालून पोत्याचा आवाज आला, "हलू नका, ताई."

फेरी मारून आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. उतरून ती थेट साडूकडे गेली. "मास्तर, आता बरोबर आहे. मंडळींना सांगते." पोत्याच्या पोटात पुन्हा तो जुना निखारा फुलला.

लाल गाडी गेल्यावर दोघे साडू नळावर हात धूत उभे राहिले. थोरला बराच वेळ साबण चोळत होता. मग नजर न उचलता म्हणाला, "मापाची म्हणजे... कशी चालली रे?"

तो आवाज पोत्याच्या ओळखीचा होता. इतकी वर्षं त्याने तो स्वतःच्याच पोटात ऐकला होता. त्याने सावकाश नखांतलं ग्रीस काढलं, हात झटकले.

"ते सांगून कळायचं नाही, दादा," तो म्हणाला, आणि टॉवेल आधी स्वतः घेतला.