साहेब येणार म्हणून झाडलेला बगिचा

आमच्या ले-आउटमधल्या बगिच्याबद्दल मी काही चांगलं लिहू शकेन असं मला वाटत नाही. तो आठवला की आधी नाकात वास येतो. शेजारच्या लॉनमध्ये लग्नं लागायची आणि उरलेलं अन्न कुंपणावरून आमच्याकडे फेकलं जायचं. उन्हात ते आंबायचं, मग डुकरं यायची. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला कमरेएवढं गाजरगवत, उजव्या हाताला कुणाच्या तरी घराच्या दुरुस्तीचा मलबा आणि मधोमध घसरगुंडी. तिचा पत्रा कुणीतरी काढून नेला होता, पायऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. लहान पोरं त्या पायऱ्यांनी वर चढायची आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायची.

बेसा रोडच्या बाजूला आम्ही प्लॉट घेतला तेव्हा नकाशावर हिरवा चौकोन दाखवला होता. त्या चौकोनाच्या भरवशावर अर्धं ले-आउट विकलं गेलं.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात कागदाचा कपटा दिसला तर तो उचलल्याशिवाय मी तास सुरू करत नसे. अशी मी बाई, पण त्या बगिच्यावरून जाताना पदर नाकाला लावायचे आणि पुढे निघायचे. सगळेच तसे जायचे. घाण सरकारी आहे म्हटल्यावर ती आपली नसते, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. ह्यांना लकवा मारला नसता तर मीही तशीच जात राहिले असते, हे कबूल करायला हवं.

हे म्हणजे माझा नवरा. वीज खात्यात नोकरी, सारा जन्म शेताशेतांतून तारांखालून पायी हिंडण्यात गेला. दिवाळीनंतर एका सकाळी हातातला चहाचा कप सुटला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, पहिले सहा महिनेच खरे. पायाला जे काही परत शिकवायचं ते याच दिवसांत. रोज अर्धा तास सपाट जागेवर चालवा. घरातल्या घरात फिरवून नाही होणार."

सपाट जागा! आमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता घरांपेक्षा हातभर उंच, कडेला उतार, फूटपाथ नावालाही नाही, आणि दिवसभर रेतीचे टिप्पर. एकदा ह्यांना तिथे नेलं. मागून एका मोटारसायकलने असा हॉर्न दिला की हे भर रस्त्यात खाली बसले. ज्या माणसाला खांबावर चढताना कधी भीती वाटली नाही, तो माणूस माझा हात सोडायला तयार नव्हता. मला रडू आलं नाही, चीड आली.

बगिचा आमच्या फाटकापासून चाळीस पावलांवर. त्याच्याभोवती चालायची वाट होती, सिमेंटचे गट्टू बसवलेली. निम्मे गट्टू उखडलेले, काही लोकांनी अंगणात लावायला नेलेले. तेवढी वाट नीट झाली असती आणि मलबा उचलला गेला असता तर माझं काम होत होतं. बाकीच्यांना झुले हवे होते, भजनाला शेड हवं होतं. मला सहा महिन्यांच्या आत एक सपाट वाट हवी होती.

अर्ज मी लिहिले. समास सोडून, वळणदार अक्षरात. उद्यान विभागाच्या कचेरीतला बाबू दर वेळी अर्ज हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, अक्षर काय सुंदर आहे तुमचं!" आणि ते सुंदर अक्षर गठ्ठ्यावर ठेवून द्यायचा. त्याच्या टेबलामागची पिचकाऱ्यांनी लाल झालेली भिंत बघून मला कळायला हवं होतं की हा विभाग कुणाचा बगिचा साफ करणार! पण गरज आपली होती. मी जात राहिले, ले-आउटच्या मंडळाचे सचिव भाऊही सोबत यायचे, आणि तिसऱ्या महिन्यात एकदाचं कळलं की साहेब पाहणीला येणार.

आता पुढे जे झालं त्याची मला आजही शिसारी येते, आणि त्यात माझी स्वतःचीही.

आदल्या दिवशी दुपारी समोरची शेजारीण खराटा घेऊन दारात उभी. म्हणाली, "चला वं बाई, साहेब येऊन राहिले उद्या. असा घानेरडा बगिचा दाखवाचा का त्याह्यले? काय म्हनतीन ते आपल्याले?"

मी त्याच वेळी म्हणायला हवं होतं की अगं, घाण दाखवायलाच तर बोलावलंय! पण मी काय केलं? खराटा घेतला. पाहुणा येणार म्हटलं की आमचे हात आपोआप केरसुणीकडे जातात. सगळं ले-आउट उतरलं. गाजरगवत विळ्यांनी कापलं. खरकट्याच्या पत्रावळी पोत्यांत भरल्या. मलबा काही हलेना, तर सचिव भाऊंनी घरून उन्हाळ्यात अंगणावर बांधायची हिरवी जाळी आणून त्यावर पांघरली. पुरुषांनी इकडून तिकडून गट्टू गोळा केले आणि वाटेवर नुसते मातीवर ठेवून दिले, वरून बघणाऱ्याला सपाट दिसावेत असे. सकाळी फाटकात रांगोळी मी काढली. मोर काढला. दोन मोर.

साहेब आले. फाटकापासून दहा पावलं आत गेले, तिथून चारी बाजूंना नजर फिरवली. मग खुर्चीवर बसून तर्री-पोहे खाल्ले, वर आणखी तर्री मागून घेतली. म्हणाले, "अरे वा, इतकं चांगलं मेंटेन केलंय तुम्ही लोकांनी! बाकी एरियात जाऊन बघा, हालत काय आहे." आमच्या माणसांचे चेहरे फुलले. सचिव भाऊ तर हात जोडून उभे, जावयाला पाटावर बसवल्यासारखे.

मग पंचनामा लिहायचा होता. सोबतच्या बाबूने माझ्याकडे बोट दाखवलं, "मॅडमचं अक्षर छान आहे, त्याच लिहितील." आणि मी लिहिलं. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेले. उद्यान स्वच्छ व सुस्थितीत आढळले. उपस्थित नागरिकांनी समाधान व्यक्त केले. मी मान वर करून विचारलं, "आणि वाटेच्या दुरुस्तीचं?" साहेब म्हणाले, "ते फाईलवर आहेच मॅडम, ते वेगळं होऊन जाईल." खाली पहिली सही माझी. तीस वर्षं मुलांना खोटं लिहू नका म्हणून सांगणारी मी, कुणी न दरडावता, एका वाटीभर कौतुकासाठी खोटं लिहून मोकळी झाले.

आठवड्याने मोबाईलवर संदेश आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

तोवर कुंपणावरून पत्रावळी पुन्हा पडायला लागल्या होत्या. पण वाट अजून दिसायला बरी होती, आणि माझे दिवस तर चालले होते. एका संध्याकाळी मी ह्यांना घेऊन गेले. गट्टू नुसते ठेवलेले आहेत हे मला माहीत होतं, ठेवताना मीच बघितलं होतं. तरी वाटलं, हळूहळू नेऊ, जमेल. नवव्या की दहाव्या पावलाला उजव्या पायाखालचा गट्टू फिरला आणि हे तोंडावर पडले. गुडघा फुटला, डावा हात मुरगळला. म्हणजे चालता हात तोही गेला, महिनाभरासाठी. मी तिथे मातीत बसून त्यांच्या तोंडातली माती काढत होते, आणि दोन डुकरं हाताच्या अंतरावर आपलं खात होती.

त्यानंतर हे चालायचं नाव काढेनात. व्यायामाची मुलगी म्हणाली, "पायापेक्षा मनातली भीती जास्त बसली आहे." सहा महिन्यांतले चार गेले होते.

मी पुन्हा कचेरीत गेले. बाबूने फाईल उघडून माझ्याच अक्षरातला पंचनामा माझ्यासमोर ठेवला. "हे तुम्हीच लिहिलंय नं मॅडम?" तरी मी हलले नाही. रोज जाऊन त्याच्या समोरच्या बाकावर बसायला लागले, डबा घेऊन. शेवटी माझा कंटाळा येऊन की काय, दुसरी पाहणी लागली.

या वेळी मी घरोघर जाऊन सांगितलं. हात जोडले. म्हटलं, झाडू नका, जाळी घालू नका, पोहे करू नका, जसं आहे तसं राहू द्या. सगळे हो म्हणाले. सचिव भाऊ म्हणाले, "बरोबर आहे मॅडम, एकदम बरोबर."

पाहणीच्या सकाळी सात वाजता बघते तर काय, बगिच्यात खराटे चाललेले! फाटकाशी भरलेली पोती ओळीने उभी.

"अवं बाई, थोडसंच झाडलं," शेजारीण म्हणाली. "डुकराची घान दाखवाले बरं दिसते का? आपल्या ले-आउटचं नाव खराब होते."

माझं डोकं फिरलं. पोत्याचं तोंड सोडलं आणि ओढत आत नेऊन वाटेवर रिकामं केलं. आंबलेला भात, पत्रावळी, दारूच्या बाटल्या. दुसरं पोतं ओतलं. हाताला काय काय लागत होतं ते मी बघत नव्हते. लोक ओरडत होते, "काहून करून राहिल्या मॅडम असं?" तिसरं पोतं अर्धं ओतून झालं तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. मी मान वर केली. फाटकात साहेब उभे होते, मोबाईल माझ्यावर धरून.

मी सांगायला तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "बस्स मॅडम, दिसलं आम्हाला." या वेळी त्यांनी बाबूला लिहायला लावलं. नागरिक स्वतःच उद्यानात कचरा टाकताना प्रत्यक्ष आढळले, सबब दुरुस्तीचा प्रस्ताव विचारात घेणे योग्य नाही. खाली आमच्या लोकांनी मुकाट सह्या केल्या. सचिव भाऊंनीही केली. मला म्हणाले, "मॅडम, जे दिसलं ते दिसलंच नं. आता मी तरी काय करू?" मला कचेरीची किळस होतीच. त्या सकाळी माझ्याच गल्लीची वाटली, आणि माझ्या हातांचीही.

घरी येऊन मोरीत हात धुतले. दोनदा साबण लावला, वास जाईना.

आत आले तर हे पलंगाच्या कडेला बसलेले. साहेब येणार हे मी आदल्या दिवशी त्यांना सांगितलं होतं, उभारी यावी म्हणून. त्यांनी बूट घातले होते. एका हाताने, कुणाच्या मदतीशिवाय, कितीतरी वेळ लागला असेल. उजव्या पायातला बूट अर्धाच चढला होता. पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून चालायची तयारी केली होती.

"झाला?" त्यांनी बगिच्याच्या दिशेने मान करून विचारलं. त्यांना एवढाच शब्द नीट जमायचा.

मी नाही म्हणून मान हलवली आणि खाली बसून त्यांचा उजवा बूट काढला. डाव्याला हात लावला तेव्हा त्यांनी तो पाय मागे ओढून पलंगाखाली घेतला. मी जेवणाचं ताट आणून ठेवलं, त्यांनी ते बघितलंही नाही. दुपारभर ते तसेच बसून राहिले, एका पायात बूट घालून, फाटकाकडे बघत.