नववा ओंडका

शिनोलीच्या झुंबरबाईनं माझ्या टेम्पोचे तीन दिवस खाल्ले, तरी तिच्यावर मला राग नाही. राग आहे तो दुसऱ्यावर.

१९९९ सालची गोष्ट. बाई विधवा. बांधावर नवऱ्यानं लावलेले नऊ साग. गावातले बाकीचे लोक आपापले साग बिनकागदाचे व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. ही मात्र तोडीच्या परवानगीसाठी सात महिने घोडेगावच्या कचेरीत हेलपाटे घालत राहिली. "सोताचं झाड चोरावानी का इकू?" म्हणायची. शेवटी परवानगी आली, तोड झाली. प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर आणि जमिनीत राहिलेल्या खुंटावर जंगल खात्यानं हातोड्यानं शिक्का मारला. वाहतुकीचा पासही मिळाला. पुढचं सगळं तिनं सख्ख्या भावावर, दादाभाऊवर सोपवलं.

नऊ ओंडके टेम्पोत भरून मी, बाई आणि दादाभाऊ आळेफाट्याच्या वखारीकडे निघालो, तर जंगल खात्याच्या नाक्यावर गार्डनं अडवलं. पास चोख, पण एकाही ओंडक्यावर शिक्का नाही!

"टोकं तडकली व्हती, म्हणून छाटली," दादाभाऊ म्हणाला.

"अक्कल गहाण टाकली होती का रे?" मी तोंडावर विचारलं. तो म्हणे, गार्डला चहापाणी देऊन मिटवू. ते बाईच्या कानावर पडलं. "एक पैसा द्यायचा न्हाई. माज्या बांधाला खुंट हायेत. मोजा म्हणावं." आणि बसली टेम्पोजवळ फतकल मारून. मी लई वैतागलो, राव.

तिसऱ्या दिवशी जंगल खात्याचा साहेब आला. टेम्पो परत शिनोलीला. एकेक ओंडका टेप लावून खुंटाशी ताडून पाहिला. आठ जुळले. नवव्याचा घेर उरलेल्या खुंटाहून वीतभर जास्त भरला. साहेब उन्हानं कावला होता. "चालायचंच, मोजण्यात फरक पडतो," म्हणत त्यानं सही करायला पेन काढलं. माझा जीव भांड्यात पडला.

बाई त्या ओंडक्याकडे बघत राहिली. खुंटाहून जाड खोड कुठल्या झाडाला असतं?

"साहेब, ह्यो माजा न्हाई."

"मग कुणाचा?"

दादाभाऊनं मान खाली घातली. बाईच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी ती बोललीच. "सरकारी रानातला आसंल, माज्या बदली घातलेला. ह्याला शिक्का न्हाई हे झाकाया समद्यांची टोकं ज्यानं छाटली, त्याला इचारा."