देवाच्या अंगरख्याखाली नारळ

ती केस आठवली की आजही माझं डोकं गरगरतं. इंदापूर तालुक्यात नीरेकाठच्या एका गावी देवाचा जुना चांदीचा मुखवटा गायब झाला. नव्या ट्रस्टींनी मुखवट्यावरून घातलेला देवाचा अंगरखा बदलायला काढला, तर आत मुखवट्याच्या जागी नुसता नारळ! गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला. कुलूप शाबूत, कॅमेऱ्यात काही नाही.

खबऱ्याने सांगितलं, दर अमावस्येला भर दुपारी चौघं उसातून नदीवर जातात, पाण्याला हात जोडतात नि चकार शब्द न बोलता परततात. मोबाईलवर देवळांची रहस्यं, गुप्त मंडळं असल्या मालिकांचा मला भारी नाद. म्हटलं, घबाड सापडलं. चौघांतले एक मुसलमान शिंपी, गाव त्यांना चाचा म्हणे. तो अंगरखा त्यांनीच शिवलेला, म्हणून त्यांनाच ताब्यात घेतलं.

चौकशीत चाचा तोंड उघडेनात. बाकीचे तिघे ठाण्याच्या बाकावर येऊन बसले. चाचा चोर नाहीत, एवढंच म्हणायचे. मग चोर कोण, तर गप्प. दरडावलं, चहा पाजला, काही उपयोग नाही. मी पार वैतागलो. शेवटी एक जण म्हणाला, "साहेब, आबांनी बेलभंडारा उचलायला लावलाय. त्यांनी शपथ सुटली म्हटल्याबिगर आमी बोलणार न्हाय." आबा म्हणजे देवळाचे म्हातारे गुरव. चाचांनीही भंडारा उचलला होता म्हणे. आता हे कोर्टाला कसं सांगायचं?

सगळ्यांना घेऊन आबांच्या घरी गेलो, तर आबांना अर्धांगवायू, वाचा गेलेली. सुटली म्हणणार कोण? नुसती मान हलवली तर चालेल का, यावर ते तिघे तिथंच वाद घालू लागले. हसावं की रडावं कळेना. मी आबांना सरळ सांगितलं, शपथ सोडा, नाहीतर उद्या चाचांना कोर्टात उभं करतो, पुढे तुरुंग आहे. चाचा पुढे झाले. "आबा, माझ्यापायी सोडू नगा. मी जाईन आत."

आबांचे डोळे वाहू लागले. ओठ वेडेवाकडे करत त्यांनी कसंबसं 'सु...' एवढंच काढलं. तिघांनी ते मान्य केलं आणि मग उलगडा झाला. मुखवटा हातातून पडून भंगला होता. भंगलेला देव पुजायचा नाही, म्हणून तो नदीत सोडला. गावात तंटा नको म्हणून नवा घडेपर्यंत सगळं गुपचूप.

"पाडला कुणी?" मी विचारलं.

"मी," एक म्हणाला. दुसराही मीच म्हणाला, तिसराही. चाचा म्हणाले, "माझ्या हातनं पडला साहेब, लिवून घ्या."

एवढ्यात खाटेवरच्या आबांनी चालता हात उचलून आपल्या छातीवर ठेवला. चाचांनी तो हलकेच खाली घेतला. "त्यांचं मनावर घिऊ नगा. त्यांना काय कळतंय आता."

मुखवटा नदीत सापडला, भंगलेलाच. गुन्हा गैरसमजातून दाखल झाला, असा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि पाडणाऱ्याचं नाव घातलं नाही. गप्प बसणारा दरवेळी चोरच असतो असं नाही, एवढं त्या दिवशी शिकलो. उभ्या नोकरीत गुन्हा दुसऱ्यावर ढकलणारेच पाहिले होते. तो अंगावर घ्यायला चौघं भांडायला लागले, तर अधिकाऱ्याने काय करायचं, हे मला आजही माहीत नाही.