तीन नंबरचा आवाज

कोल्ह्याला जवळ बोलवायचं तर जखमी सशासारखं ओरडावं लागतं. हे मला मेंढ्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याने शिकवलं. त्याचं फार्म आमच्या वॉलॉंगॉंग शहरापासून दीड तासावर. दर शनिवारी आम्ही नवरा-बायको तिथे जायचो. नवऱ्याकडे लायसन्स आणि बंदूक, माझ्याकडे प्राण्यांचे आवाज काढणारा एक छोटा स्पीकर आणि त्याचा रिमोट. कोल्हे कोकरं उचलून न्यायचे, त्यामुळे म्हाताऱ्याला आम्ही हवेच असायचो. रविवारी बुद्धवंदनेला बसून जीवहत्या न करण्याचं पहिलं शील म्हणताना मी मनाशी म्हणायची, बंदूक काही माझ्या हातात नसते. स्वतःची समजूत घालण्यात मी पहिल्यापासून हुशार.

कोकरं वाचवणं हे नुसतं सांगायला. आदल्या वर्षी सहाव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं आणि तेव्हापासून नवरा बोलेनासा झाला. स्टीलवर्क्सची शिफ्ट, जेवण, झोप. काही विचारलं तर 'हं'. मी जात्याच फटकळ. भांडून पाहिलं, रडून पाहिलं, काउन्सेलरची अपॉइंटमेंट घेतली, ती त्याने परस्पर कॅन्सल केली. मग कामावरचा एक जण त्याला या फार्मवर घेऊन गेला. त्या दिवशी घरी आल्यावर तो आपणहून चार वाक्यं बोलला. त्या चार वाक्यांसाठी मी वाटेल ते करायला तयार होते, म्हणून पुढच्या वेळी मीही गाडीत बसले.

पण कोल्हा मिळाला तरच तो बोलायचा. आणि त्या सप्टेंबरात लागोपाठ तीन शनिवार कोल्हा फिरकला नाही. मी म्हाताऱ्याचं सगळं ऐकत होते. वारा तोंडावर घेऊन बसायचं, सुरुवातीला हळू वाजवायचं, अर्धा मिनिट वाजवून बराच वेळ गप्प राहायचं. तो म्हणायचा, आवाजाला भुलून आलेला कोल्हा एकदा का गोळीतून सुटला, की परत त्या आवाजाला येत नाही. सशाचा आवाज आम्ही तिथे वाजवून वाजवून वाया घालवला होता. परतताना नवरा दीड तास खिडकीबाहेर बघत बसायचा, गाडी मीच चालवायची.

चौथ्या शनिवारीही ऊन उतरायला आलं. नवऱ्याने बंदूक मांडीवर आडवी ठेवली, म्हणजे त्याने आशा सोडली होती. मला धडकी भरली. रिमोटवर तीन नंबरचं बटण होतं, ते मी कधी वापरलं नव्हतं. ते दाबलं. बारीक, धाप लागल्यासारखं कुंईकुंई सुरू झालं. माझ्या अंगावर काटा आला. तेव्हाच बंद करायला हवं होतं, पण मी केलं नाही.

सशाच्या आवाजाला येणारा कोल्हा घाई करत नाही. थांबतो, वळसा घालतो, वारा हुंगून बघतो. ही कोल्हीण मेंढ्या चरायच्या उघड्या पॅडॉकमधून सरळ धावत आली. आमच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याने एकच गोळी झाडली.

तो गाडी आणायला पळाला. आमच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्याने बुटाने तिला उताणं केलं. पोटावरचे केस झडले होते, आचळं भरलेली होती. "पिल्लाचा आवाज लावलास ना?" तो म्हणाला. "या दिवसांत याच्याइतकं दुसरं काही चालत नाही. बिळातली पिल्लं आता आपोआप जातील. नो वरीज."

बाळ गेल्यावर तिसऱ्या दिवशी मला दूध आलं होतं. नवराच टॉवेल आणून देत होता.

घरी येताना तो अखंड बोलला. फोरमनच्या नकला केल्या, स्वतःच्या आईला फोन लावला, तिच्याशी हसला. मधेच मला म्हणाला, "कुठला साउंड होता गं तो? एकदम मस्त काम केलं त्याने."

"तीन नंबर," मी म्हणाले. कसला, ते त्याने विचारलं नाही. सांगितलं असतं तर तो पुन्हा मिटून गेला असता, आणि मला ते आणखी एकदा सोसवलं नसतं.

पुढच्या शनिवारी आम्ही त्याच जागी बसलो. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तोच लाव ना, तीन नंबर." मी वारा बघितला आणि बटण दाबलं.